एड सलिव्हनचा रविवार

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर, ५३व्या आणि ५४व्या रस्त्यांच्या मध्ये, १९२७ साली बांधलेलं एक नाट्यगृह आहे. सीबीएस या प्रसारण कंपनीने ते पुढे टेलिव्हिजनसाठी घेतलं आणि त्याला ‘स्टुडिओ ५०’ असं नाव दिलं. १९५३पासून दर रविवारी दुपारी तिथे भरल्या प्रेक्षागृहात रंगीत तालीम होई. तालमीला बसलेले प्रेक्षक कुठे हसतात, कुठे चुळबुळ करतात, याकडे एक सुटाबुटातला, गंभीर चेहऱ्याचा माणूस बारकाईने लक्ष देई. तालीम संपली की त्याची कात्री चालू लागे. सहा मिनिटांचा विनोद तीन मिनिटांवर येई, शेवटचं गाणं सुरुवातीला जाई, एखाद्या कसरतपटूचा खेळ पुरताच गळे. आठवडाभर घासून तयार झालेल्या कलावंताला प्रक्षेपणाच्या काही तास आधी कळे की आज आपण नाही. त्या माणसाशी हुज्जत घालून उपयोग नसे. रात्री आठला कार्यक्रम थेट प्रक्षेपित होई.

त्या माणसाचं नाव एड सलिव्हन. त्याला गाता येत नव्हतं, नाचता येत नव्हतं, विनोद सांगायला गेला तर तो हमखास पडे. कॅमेऱ्यासमोर तो ताठ उभा राही, मान खांद्यांत रुतलेली, हातांचं काय करावं हे न कळल्यासारखा. पाहुण्यांची नावं तो चुकवी. तरीही १९४८ ते १९७१ अशी तेवीस वर्षं अमेरिकेतल्या रविवारच्या संध्याकाळींवर त्याचा ताबा होता. मनोरंजनाच्या धंद्यात तो आला तो वर्तमानपत्रातून, आणि शेवटपर्यंत राहिला वर्तमानपत्रवालाच. आपला तास त्याने अनुभवी संपादक पान लावतो तसा लावला. त्याची ताकद त्यात होती आणि त्याची मर्यादाही.

एडवर्ड व्हिन्सेंट सलिव्हनचा जन्म २८ सप्टेंबर १९०१ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला. घर आयरिश कॅथलिक, वडील कस्टम्स खात्यात नोकरीला. त्याच्याबरोबर जन्मलेला जुळा भाऊ डॅनियल तान्हेपणीच गेला. पुढे कुटुंब शहराच्या उत्तरेला पोर्ट चेस्टर या गावी राहायला गेलं. शाळेत असताना एड उत्तम खेळाडू होता. गावातल्या छोट्या दैनिकात सामन्यांच्या बातम्या लिहिता लिहिता तो न्यूयॉर्कच्या पत्रांत क्रीडावार्ताहर झाला. १९२०च्या दशकातलं न्यूयॉर्क वर्तमानपत्रांच्या मारामारीचं शहर होतं. सलिव्हन ज्या ‘इव्हनिंग ग्राफिक’मध्ये गेला, ते पत्र तर भडकपणासाठी बदनामच होतं.

१९२९ साली याच पत्रात लिहिताना त्याने एका गोष्टीवर टीकेची झोड उठवली. जॉर्जिया विद्यापीठाविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात न्यूयॉर्क विद्यापीठाने डेव्ह मायर्स या आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूला बाहेर बसवायचं कबूल केलं होतं, कारण दक्षिणेकडचा संघ त्याच्याबरोबर मैदानात उतरायला तयार नव्हता. तेव्हाच्या क्रीडालेखकांपैकी फारच थोड्यांना यात काही वावगं वाटलं. सलिव्हनला वाटलं, आणि त्याने ते स्पष्ट लिहिलं. वीस वर्षांनी हाच स्वभाव टेलिव्हिजनवर दिसणार होता.

१९३१मध्ये त्याच्याकडे ब्रॉडवेचं सदर आलं. नाट्यगृहं, नाइटक्लब, नटनट्यांची लफडी, कुणाचं कुणाशी बिनसलं, असा सगळा मसाला. या प्रांताचा अनभिषिक्त राजा होता वॉल्टर विंचेल. त्याची जीभ आणि लेखणी सारखीच विखारी. आपण कुचाळक्या करणार नाही, अशी घोषणा करत सलिव्हनने सदर सुरू केलं आणि थोड्याच दिवसांत तोही त्याच वाटेने गेला. पुढच्या वर्षी तो ‘डेली न्यूज’मध्ये दाखल झाला. तिथलं ‘लिटल ओल्ड न्यूयॉर्क’ हे सदर तो टेलिव्हिजनवर विख्यात झाल्यावरही लिहीत राहिला. नोकरी वर्तमानपत्राची, टेलिव्हिजन वरकड, अशीच जणू त्याची समजूत होती.

सदरामुळे त्याला एक वेगळंच कौशल्य साधलं. अमेरिकेत तेव्हा व्हॉडव्हिल नावाचा रंगमंचीय प्रकार अखेरच्या घटका मोजत होता. एकाच तिकिटात गाणं, नाच, नकला, जादू, कसरती, शिकवलेली कुत्री असं सगळं एकापाठोपाठ दाखवणारा हा खेळ बोलपटांनी मारून टाकला. मोठ्या सिनेमागृहांत चित्रपटाच्या जोडीला त्याचे अवशेष तेवढे उरले होते. अशा खेळांचं सूत्रसंचालन सलिव्हन हौसेने करी. त्याच्या सदरात नाव यावं म्हणून कलावंत कमी पैशांत, कधी फुकटही येत. ‘डेली न्यूज’ची हार्वेस्ट मून बॉल ही नृत्यस्पर्धा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरे; तिचा सूत्रधारही तोच. १९४७ साली सीबीएसने ती टेलिव्हिजनवरून दाखवली. कॅमेरा आपल्याकडे वळलाय याकडे फारसं लक्ष न देता शांतपणे काम करणारा हा माणूस कंपनीतल्या लोकांच्या नजरेत भरला.

२० जून १९४८ रोजी ‘टोस्ट ऑफ द टाउन’ हा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या भागात कलावंतांच्या मानधनासाठी होते अवघे ३७५ डॉलर. त्यातले २०० डीन मार्टिन आणि जेरी लुईस या नव्या विनोदी जोडीला गेले. उरलेल्या पैशांत एक पियानोवादक, नर्तिका, मुष्टियुद्धाचा एक पंच आणि गाणारा एक अग्निशामक दलाचा जवान बसवला. रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टाइन ही ब्रॉडवेची सर्वांत यशस्वी संगीतकार-गीतकार जोडीही त्या रात्री पाहुणी म्हणून आली होती. हा जमाखर्च सदरलेखकाच्या ओळखीपाळखीवर जुळला होता.

समीक्षकांनी त्याला सोलून काढलं. ‘हेरल्ड ट्रिब्यून’च्या जॉन क्रॉस्बीला हा माणूस दर रविवारी पडद्यावर का येतो हेच कोडं पडलं. विनोदवीर फ्रेड ॲलनने टोला हाणला की इतरांच्या अंगी कला आहे तोवर सलिव्हन टिकेल. सीबीएसचाही भरवसा डळमळीत होता. सलिव्हनसह किंवा सलिव्हनशिवाय, कसाही कार्यक्रम घ्या, असं कंपनी जाहिरातदारांना सांगत असल्याचं त्याच्या कानावर आलं आणि तो घाव त्याला फार लागला. चिडला की तो टीकाकारांना तिखट पत्रं लिही. समीक्षक हॅरिएट व्हॅन होर्नला त्याने पाठवलेलं एका ओळीचं शिवीवजा पत्र तर पत्रकारितेच्या दंतकथांत जमा आहे. पण त्याच्या ताठ मानेची, अडखळत्या बोलण्याची नक्कल करणाऱ्यांना मात्र तो स्वतःच कार्यक्रमात बोलावी. नकलाकारांनी त्याला जितका चिडवला तितका तो लोकांच्या घरचा झाला.

त्याच्या तासाची बांधणी पाहिली की लोकांचा हा अव्याहत प्रतिसाद कुठून आला ते समजतं. १९५० साली अमेरिकेत जेमतेम ९ टक्के घरांत टेलिव्हिजन होता. १९६०पर्यंत हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या पुढे गेलं. बहुतेक घरांत संच एकच, दिवाणखान्यात, आणि त्याच्यासमोर आजीपासून नातवापर्यंत सगळे. सलिव्हनने यातल्या प्रत्येकासाठी काहीतरी ठेवलं आणि कुणालाही कंटाळा यायच्या आत ते संपवलं. मुलांसाठी टोपो जिजो हा इटालियन बाहुला-उंदीर, आईवडिलांसाठी ब्रॉडवेच्या चालू नाटकातला प्रवेश, पोरांसाठी नवं गाणं, काठ्यांवर चिनी मातीच्या बशा फिरवणारा एखादा खेळाडू सगळ्यांसाठी. १९५६मध्ये ऑपेरागायिका मारिया कॅलास याच मंचावर ‘तोस्का’ गायली. १९५८च्या जूनमध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, त्याने अख्खा तास सोव्हिएत रशियाच्या मोइसेयेव्ह लोकनृत्य पथकाला दिला. जानेवारी १९५९मध्ये क्युबात क्रांती होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा तो फिडेल कॅस्ट्रोची मुलाखत घेऊन आला. १९६१च्या मार्चमध्ये ‘कॅमेलॉट’ या संगीत नाटकातले प्रवेश त्याने दाखवले. नाटक तोवर रखडत चाललं होतं, दुसऱ्या दिवशी तिकीटखिडकीवर रांग लागली.

रसिकतेचा आव त्याने कधी आणला नाही. लोकांना काय आवडेल याचा अदमास घेणं आणि ते इतरांच्या आधी मिळवणं, हे बातमीदाराचे दोन गुण त्याला पुरले. १९५५ साली कार्यक्रमाचं नाव बदलून ‘द एड सलिव्हन शो’ झालं, तेव्हा त्याच्याशिवाय कार्यक्रम विकायला निघालेल्या सीबीएसने हार मानली असं म्हणायला हरकत नाही.

कृष्णवर्णीय कलावंतांच्या बाबतीत त्याने जे केलं ते त्या काळात सोपं नव्हतं. दक्षिणेकडच्या राज्यांत वर्णभेद कायद्याने चालत होता, आणि कार्यक्रमाचा पुरस्कर्ता होता फोर्डचा लिंकन-मर्क्युरी विभाग. दक्षिणेतल्या मोटारविक्रेत्यांच्या तक्रारी येत. सलिव्हनने पर्ल बेलीच्या गालाचं चुंबन घेतलं, नॅट किंग कोलशी हस्तांदोलन केलं, आणि हे सगळं कॅमेऱ्यासमोर. त्याला ओरड झाली, पण तो हटला नाही. लुई आर्मस्ट्राँग, एला फिट्झजेराल्ड, हॅरी बेलाफॉन्टे त्याच्या मंचावर वरचेवर आले. नर्तक बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन १९४९च्या नोव्हेंबरमध्ये जवळजवळ निष्कांचन अवस्थेत गेला, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेची व्यवस्था आणि खर्च सलिव्हनने उचलला. १९६४च्या डिसेंबरात डेट्रॉइटच्या तीन तरुण मुली, ‘द सुप्रीम्स’, त्याच्या कार्यक्रमात पहिल्यांदा गायल्या आणि नंतर इतक्या वेळा आल्या की त्या जणू घरच्याच. उंची कपडे घातलेल्या, आत्मविश्वासाने गाणाऱ्या कृष्णवर्णीय मुली कोट्यवधी गोऱ्या दिवाणखान्यांत दर काही महिन्यांनी दिसत राहणं, याचा परिणाम एखाद्या भाषणापेक्षा कमी नव्हता.

हाच माणूस दुसऱ्या एका प्रसंगी साफ वाकला. जानेवारी १९५०मध्ये त्याने पॉल ड्रेपर या नर्तकाला बोलावलं. ड्रेपर कम्युनिस्टांचा सहानुभूतीदार असल्याची आवई उठली होती. कार्यक्रमानंतर फोर्डकडे निषेधाच्या पत्रांचा आणि तारांचा पाऊस पडला. सलिव्हनने जाहिरात कंपनीच्या प्रमुखाला दिलगिरीचं पत्र लिहिलं आणि ते प्रसिद्धही झालं. त्यानंतर तो पाहुणे बोलावण्याआधी ‘काउंटरअटॅक’ या कम्युनिस्टविरोधी पत्रिकेच्या माणसाकडून नावं तपासून घेऊ लागला. त्याच वर्षी जूनमध्ये त्या मंडळींनी १५१ कलावंत-लेखकांची ‘रेड चॅनल्स’ ही यादी छापली आणि कित्येकांची कामं बंद झाली. वर्णभेदाच्या बाबतीत विक्रेत्यांशी भांडणारा सलिव्हन या बाबतीत शासनाने सांगण्याआधीच पहारेकरी बनला. तो स्वतः कट्टर कम्युनिस्टविरोधी होता हे त्याचं एक कारण. पुरस्कर्ता गेला तर तासच जाईल ही भीती हे दुसरं.

कात्रीची ही सवय रॉक संगीताच्या काळात आणखी उघडी पडली. एल्व्हिस प्रेस्लीला आपण बोलावणार नाही, असं सलिव्हनने आधी जाहीर केलं होतं. त्याच्या मते हा पोरगा कुटुंबाने एकत्र बसून पाहण्यासारखा नव्हता. १ जुलै १९५६ रोजी एनबीसी या प्रतिस्पर्धी वाहिनीवर स्टीव्ह ॲलनने एल्व्हिसला आणलं आणि त्या रात्री सलिव्हन मागे पडला. तत्त्व तिथेच संपलं. तीन कार्यक्रमांसाठी ५०,००० डॉलर या तोवर न ऐकलेल्या रकमेवर त्याने एल्व्हिसशी करार केला. ९ सप्टेंबर १९५६च्या पहिल्या कार्यक्रमाला सलिव्हन स्वतः नव्हता. ऑगस्टमध्ये मोटार अपघातात तो जबर जखमी झाला होता. सूत्रसंचालन केलं ब्रिटिश नट चार्ल्स लॉटनने, आणि एल्व्हिस गायला हॉलिवूडच्या स्टुडिओतून. सुमारे ६ कोटी लोकांनी तो कार्यक्रम पाहिला; त्या वेळी चालू असलेल्या दर शंभर संचांपैकी ८२ हून अधिक संचांवर तोच होता. जानेवारी १९५७मधल्या तिसऱ्या खेपेला कॅमेरा एल्व्हिसच्या कमरेच्या खाली उतरलाच नाही. शेवटी सलिव्हनने त्याला सभ्य, चांगला मुलगा म्हणून देशासमोर प्रशस्तिपत्र दिलं. एल्व्हिसवर संतापलेल्या आईबापांना तो शब्द पुरेसा होता. एका हाताने झाकायचं आणि दुसऱ्या हाताने मान्यता द्यायची, हा सलिव्हनचा खरा व्यवहार.

ज्यांनी त्याचं ऐकलं नाही त्यांना दार बंद झालं. १९५५मध्ये बो डिडलीला एक ठरलेलं लोकप्रिय गाणं गायला सांगितलं होतं. तो स्वतःचंच गायला आणि पुन्हा कधी बोलावला गेला नाही. १९६३च्या मे महिन्यात बॉब डिलन आपलं उपहासगीत घेऊन आला. सलिव्हनची त्याला हरकत नव्हती, पण सीबीएसच्या अधिकाऱ्यांनी ते गाता येणार नाही म्हटल्यावर तो तरुण निघून गेला. १९६७मध्ये रोलिंग स्टोन्सनी एका गाण्यातले शब्द बदलून म्हटले आणि मिक जॅगरने ते म्हणताना डोळे फिरवले. त्याच वर्षी ‘द डोअर्स’नी शब्द बदलायचं मान्य करून मूळ शब्दच गायले आणि ती त्यांची पहिली आणि शेवटची हजेरी ठरली. विनोदवीर जॅकी मेसनच्या बाबतीत तर सलिव्हनने १९६४मध्ये भलताच गैरसमज करून घेतला. बोटांनी केलेली खूण अश्लील होती असं ठरवून त्याने करार मोडला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि दोन वर्षांनी त्याच मंचावर माफी मागण्याची वेळ त्याच्यावर आली.

त्याच्या बातमीदारीचं सर्वांत मोठं फळ लंडनच्या विमानतळावर हाती लागलं. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी सलिव्हन पती-पत्नी तिथे होते, तेव्हा पावसात हजारो मुलं कुणाची तरी वाट पाहत ओरडत होती. स्वीडनच्या दौऱ्यावरून बीटल्स परतत होते. अमेरिकेत त्यांना कुणी विचारत नव्हतं. पण एवढी गर्दी म्हणजे बातमी, हे जुन्या वार्ताहराला सांगावं लागलं नाही. पुढच्याच महिन्यात त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन न्यूयॉर्कला आला आणि करार ठरला. तीन कार्यक्रमांचे १०,००० डॉलर आणि वर प्रवासखर्च, म्हणजे एल्व्हिसच्या पाचव्या हिश्श्यात सौदा. मोबदल्यात एपस्टाइनने मागून घेतलं ते नावाला मिळणारं अग्रस्थान.

९ फेब्रुवारी १९६४. केनेडींच्या हत्येला अडीच महिने झाले होते. ७२८ आसनांच्या प्रेक्षागृहासाठी ५० हजारांवर अर्ज आले. बीटल्सनी त्या तासात दोन खेपांत पाच गाणी म्हटली, आणि ७ कोटी ३० लाख लोकांनी ती ऐकली. मधल्या वेळात आलेल्या कलावंतांचे हाल झाले. किंचाळणाऱ्या पोरींसमोर पत्त्यांची जादू करायची पाळी एका डच जादूगारावर आली. ‘ऑलिव्हर!’ नाटकातल्या प्रवेशात डेव्ही जोन्स नावाचा एक मुलगा होता. समोरची गर्दी पाहून त्यालाही असंच काहीतरी करावंसं वाटलं, आणि दोन वर्षांत तो ‘द मंकीज’ या बँडचा तारा झाला. अमेरिकेतल्या कित्येक गायक-वादकांनी पुढे सांगितलं की त्या रात्री आपण गिटार हाती घ्यायचं ठरवलं.

सलिव्हनच्या घसरणीची बीजं या विजयातच होती. त्या किंचाळणाऱ्या मुलींना बशा फिरवणारा नको होता आणि बशा फिरवणारा पाहायला बसलेल्या आजोबांना बीटल्स नको होते. हळूहळू घरात दुसरा संच आला, मुलांच्या खोलीत रेकॉर्ड प्लेअर आला. १९६७च्या अखेरीस सीबीएसने स्टुडिओ ५०ला सलिव्हनचं नाव दिलं. तोवर त्याचा प्रेक्षक वयाने वाढत चालला होता. जाहिरातदारांना आता किती लोक पाहतात यापेक्षा कोणत्या वयाचे पाहतात याची चौकशी अधिक. १४ डिसेंबर १९६९ला जॅक्सन फाइव्ह आले, त्यांच्या पुढे अकरा वर्षांचा मायकेल. अजूनही नव्या गुणाचा वास सलिव्हनला, आणि १९६०पासून निर्मिती सांभाळणाऱ्या त्याच्या जावयाला, बॉब प्रेख्टला, लागत होता. पण सलिव्हन स्वतः थकला होता, विसरू लागला होता. १९७१मध्ये सीबीएसने प्रौढ आणि ग्रामीण प्रेक्षकांचे अनेक कार्यक्रम एका फटक्यात बंद केले, त्यात हाही गेला. शेवटचा नवा भाग २८ मार्च १९७१ला झाला. निरोपाचा खास कार्यक्रम करायला दुखावलेला सलिव्हन तयार झाला नाही. १९७३मध्ये पत्नी सिल्व्हिया गेली, आणि १३ ऑक्टोबर १९७४ रोजी अन्ननलिकेच्या कर्करोगाने तोही गेला. तो वार रविवार होता.

मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, म्हणजे सलिव्हनचा पडदा पडल्यावर दीड वर्षाने. अमेरिकेत जे युग संपत होतं ते आपल्याकडे उगवत होतं. एका संचासमोर अख्खी चाळ बसून ‘छायागीत’ आणि रविवारचा सिनेमा पाहणाऱ्या मराठी वाचकाला सलिव्हनचं रहस्य वेगळं समजावून द्यायला नको. सगळ्यांनी एकच पाहिलेलं असे, म्हणून सोमवारी सगळ्यांना बोलायला एकच विषय असे.

आज ज्याला जे हवं ते त्याच्या हातातल्या पडद्यावर येतं, आणि त्या एका पडद्याच्या काळाबद्दल हळहळ सहज दाटून येते. ती हळहळ थोडी आवरावी लागते. सगळ्यांचा एक पडदा याचा अर्थ त्या पडद्याची किल्ली एका माणसाकडे. पॉल ड्रेपर आणि बो डिडली यांच्यासाठी दुसरं दार नव्हतं. पण त्याच माणसाने ती किल्ली सुप्रीम्ससाठी फिरवली, आणि ज्यांनी स्वतःहून त्यांना कधीच ऐकलं नसतं अशा लाखो घरांना त्या ऐकाव्या लागल्या. आपल्या आवडीचं तेवढंच पाहणाऱ्या प्रेक्षकाला अशी सक्ती आता कुणी करू शकत नाही. सलिव्हनच्या तासातून आपण सुटलो, तेव्हा त्याच्या कात्रीतून सुटलो आणि आपल्याला न आवडणारं काही अचानक आवडून जाण्याच्या संधीतूनही सुटलो.